फेकजाळे टाकण्याची रीत व शेततळ्यातील माशांची पारख

शेतात उभ्या असलेल्या पिकाची प्रकृती शेतकऱ्यास बांधावरून दिसते. ज्वारीचे पान पिवळे पडले, कपाशीवर मावा आला किंवा डाळिंबाचे फळ तडकले, तर ते त्याच्या नजरेतून सुटत नाही. पाण्यातील पिकाचे तसे नाही. पावसाळ्यात सोडलेली बोटुकली एकदा पाण्याखाली दिसेनाशी झाली की, पुढील आठ-दहा महिने ती किती वाढली, किती मेली, खाद्य अंगी लागते की तळाशी कुजते, याचा काहीच पत्ता लागत नाही. मग शेतकरी अंदाजाने खाद्य टाकतो, आणि तळे उपसण्याच्या दिवशी त्याला लाभ झाला की तोटा झाला ते समजते. तोपर्यंत उपाय करण्याची वेळ निघून गेलेली असते.

हा अंधार दूर करण्याचे साधन साधे व जुने आहे. ते म्हणजे फेकजाळे. कोकणात यालाच पाग म्हणतात, बंगालात खेपला जाल व केरळात वीशुवल म्हणतात. नाव कोणतेही असो, हाताने फेकावयाचे, छत्रीसारखे उघडून पाण्यावर पडणारे आणि काठाला शिशाचे वजन लावलेले गोल जाळे असेच त्याचे रूप सर्वत्र आढळते. ते फेकण्याची कला पुस्तकावरून पूर्णपणे येणार नाही हे आम्ही जाणतो. तरीही हात कसा धरावा, पाय कसा ठेवावा आणि विशेषतः कोणत्या चुका जिवावर बेततात, हे आधी समजून घेतले तर शिकण्यास लागणारा काळ निम्म्यावर येतो.

आपला जिल्हा व त्यातील पाणी

अहिल्यानगर जिल्हा (२०२४ पर्यंत अहमदनगर) क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असला तरी पाण्याच्या बाबतीत तो एकसारखा नाही. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीत मुसळधार पाऊस पडतो. त्याच तालुक्यात प्रवरा नदीवर १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदरा धरण आहे. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे मुळा नदी अडविली आहे. या दोन नद्यांच्या कालव्यांनी काही तालुक्यांचे रूप पालटले. परंतु पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड अशा तालुक्यांतील पुष्कळ गावांस कालव्याचे पाणी नाही. तेथे पावसाच्या पाण्यावर व विहिरीवर भिस्त. अशा ठिकाणी शेततळे हाच आधार ठरला. राज्य शासनाने २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केल्यानंतर त्यांची संख्या वाढली, आणि लिंबू-डाळिंबाच्या बागा जगविण्यासाठी तळाला व उतारांना प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली तळी जागोजागी दिसू लागली.

या योजनेतील मोठ्या आकाराचे तळे लांबी-रुंदीने ३० मीटर व खोलीने ३ मीटर असते. कडांना एकास एक असा उतार दिला तर त्यात सुमारे २,१९६ घनमीटर पाणी मावते, व भरलेल्या तळ्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ९ गुंठे होतो. पाणी बागेसाठी साठवावयाचेच आहे, तर त्यात मासे का वाढवू नयेत, हा विचार आता अनेकांच्या मनात आला आहे आणि तो योग्यही आहे.

मत्स्यबीजाची एके काळी मोठी अडचण होती. कटला, रोहू व मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. म्हणून बीज नदीतून पुराच्या वेळी गोळा करावे लागे, व त्यात नको त्या जातींची भेसळ असे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांस पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्याकडून अंडी घालवून घेतली, आणि ही अडचण संपली. आज शुद्ध जातीची बोटुकली विकत मिळते. ती सोडल्यानंतर तिची वाढ पाहणे मात्र अजून बहुतेक ठिकाणी होत नाही.

अंदाज व तोल यांतील अंतर

समजा, वरील आकाराच्या तळ्यात ४५० बोटुकली सोडली. त्यांपैकी काही मरतात, काही बगळे व खंड्या उचलतात. शेकडा ८० जगली असे धरू, म्हणजे ३६० मासे राहिले. चौथ्या महिन्यात जाळे टाकून २० मासे धरले व त्यांचे एकूण वजन ३ किलो भरले, तर सरासरी १५० ग्रॅम झाली. ३६० माशांचे एकूण वजन ५४ किलो. या वजनाच्या शेकडा ३ प्रमाणे दररोजचे खाद्य १ किलो ६२० ग्रॅम येते.

आता ज्याने जाळे टाकले नाही असा शेतकरी घ्या. एखादा मोठा कटला पाण्यावर उसळलेला पाहून तो म्हणतो, मासे पाव किलोचे झाले. त्याच्या हिशेबाने एकूण वजन ९० किलो, व खाद्य दररोज २ किलो ७०० ग्रॅम. म्हणजे रोज १ किलो ८० ग्रॅम खाद्य वाया. महिन्यात सुमारे ३२ किलो. शेंगदाण्याची पेंड फुकट येत नाही. शिवाय हे न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते व पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते. मग एखाद्या ढगाळ रात्रीनंतर पहाटे सारे मासे पृष्ठभागावर तोंडे वासून धापा टाकताना आढळतात, आणि घरातील मंडळी तळ्यावर धावतात. उलट अंदाज कमी धरला तर मासे उपाशी राहून खुरटतात. दोन्ही बाजूंनी हानी ठरलेलीच.

येथे कोणी विचारील की, गळ टाकून चार मासे धरले व तोलले तर चालणार नाही काय? गळकाठी हे करमणुकीचे व पोटापुरते मासे धरण्याचे चांगले साधन आहे, पण पारखेसाठी ते कामाचे नाही. गळाला लागतो तो अधिक भुकेला किंवा अधिक धीट मासा. त्यावरून सगळ्या तळ्याचा हिशेब मांडणे म्हणजे पंगतीत पहिला बसणाऱ्यावरून गावाची भूक मोजण्यासारखे आहे. त्याशिवाय माशाच्या तोंडास इजा होते ती वेगळीच. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात तर तुटून राहिलेला एक गळ कागदास भोक पाडण्यास पुरेसा आहे. यासाठी जाळेच हवे.

जाळे कसे असावे

नवशिक्याने मोठ्या जाळ्याच्या मोहात पडू नये. शेंड्यापासून घेरापर्यंत २ मीटर, फार तर अडीच मीटर लांबीचे जाळे पुरे. ३ मीटरचे जाळे भिजल्यावर जड होते व अशिक्षित हातात त्याचे गाठोडे होऊन पडते. आस, म्हणजे जाळ्याचे घर, ताणून मोजले असता २० ते २५ मिलिमीटर असावे. आस मोठा असेल तर माशाचे डोके त्यात अडकते, कल्ले फाटतात आणि परत सोडलेला मासा दोन दिवसांत मरतो. आपणास मासे मारावयाचे नाहीत, तोलून परत सोडावयाचे आहेत, हे जाळे विकत घेतानाच ध्यानात ठेवावे. तंगुसाच्या एकेरी धाग्यापेक्षा पिळाच्या नायलॉन सुताचे जाळे हाताला मऊ लागते व शिकणाऱ्यास सोईचे पडते.

घेराला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. त्या सारख्या अंतरावर आहेत की नाहीत हे पाहावे. एका बाजूस वजन कमी असेल तर ती बाजू मागे राहते व जाळे अर्धचंद्रासारखे पडते. शिसे महाग म्हणून काही ठिकाणी लोखंडी तुकडे बांधतात. ते गंजतात, त्यांस धार येते, व कागदाच्या तळ्यात त्यांना मुळीच थारा देऊ नये. घेराची कड आतल्या बाजूस वळवून जागजागी दोऱ्यांनी बांधलेली असते. त्यामुळे आत खिशांसारखे झोळ तयार होतात, आणि जाळे वर ओढले जाताना खाली पळू पाहणारा मासा त्यांत अडकतो. हे झोळ नसलेले जाळे घेऊ नये. शेंड्याला सहा ते आठ मीटर लांबीची, हातात न रुतणारी दोरी असावी.

फेकण्याची रीत

पुढील वर्णन उजव्या हाताने काम करणाऱ्यासाठी आहे. डावखुऱ्याने बाजू बदलून घ्याव्यात.

प्रथम दोरीची सारखी वेटोळी करून ती डाव्या हातात धरावीत. नंतर जाळ्याचा शेंडा वर धरून जाळे एकदा झटकावे, म्हणजे पिळे सुटतात व गोळ्या मोकळ्या लोंबतात. आता शेंड्यापासून जवळजवळ निम्म्या उंचीवर जाळे त्याच डाव्या मुठीत धरावे. घेर जमिनीपासून वीतभर वर राहील इतकीच लांबी खाली सोडावी. घेर जमिनीवर लोळत असेल तर फेकताना पायात येतो.

यानंतर समोर लोंबणाऱ्या घेराचा सुमारे एक तृतीयांश भाग उचलून डाव्या कोपरावर टाकावा. तो कोपराबाहेर सैल लोंबला पाहिजे, गुंडाळलेला नसावा. उरलेल्या घेरापैकी निम्मा भाग उजव्या हातात, कडेजवळ, पंख्याच्या घड्यांप्रमाणे गोळा करावा. आता जाळ्याचे तीन भाग झाले: एक कोपरावर, एक उजव्या हातात, आणि एक दोहोंच्या मध्ये मोकळा लोंबणारा. फेक बिघडते ती बहुधा येथेच. भाग करण्यात घाई झाली की मग कितीही जोर लावला तरी जाळे उघडत नाही.

पुष्कळ जुने जाणते मच्छीमार घेराचा एक भाग दातांत धरतात, व त्यांची फेक पाहण्यासारखी असते. तथापि ही सवय शिकणाऱ्याने लावून घेऊ नये. घेरावर शिसे आहे, व शिसे हे शरीरात हळूहळू साठणारे विष आहे. शिवाय तळ्याचे पाणी तोंडात जाते. आणि घेर दातांतून वेळेवर सुटला नाही तर दात हलतो हेही काही थोडे नाही. कोपराच्या रीतीने तितकीच गोल फेक साधते. काम झाल्यावर जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत.

उभे राहताना डावा खांदा पाण्याकडे व दोन्ही पायांत हातभर अंतर असावे. अंगाचा भार उजव्या पायावर घ्यावा, कंबरेतून उजवीकडे वळावे, आणि मग एकाच सलग हेलकाव्याने डावीकडे, पाण्याच्या दिशेने वळावे. जोर हातांचा नाही, कंबरेचा. भार उजव्या पायावरून डाव्या पायावर येतो त्याच क्षणी उजवा हात घेराला आडवा, थोडासा वर, बाहेरच्या बाजूस फेकून मोकळा होतो. त्यामागोमाग कोपरावरील भाग आपोआप निसटतो, आणि शेवटी डावी मूठ उघडते. उजवा हात, कोपर, डावी मूठ हा सुटण्याचा क्रम चुकता कामा नये. डावी मूठ आधी उघडली तर जाळे जवळच गोळा होऊन पडते. कोपरावरचा भाग अडकला तर अर्धचंद्र होतो. सूपभर धान्य वाऱ्यावर उधळणाऱ्या बाईच्या हाताची चाल ज्याने पाहिली आहे त्याला या हेलकाव्याची कल्पना चटकन येईल. तिथेही झटका नसतो.

जाळे पाण्यावर पडताच स्तब्ध उभे राहावे. दोरी सैल सोडावी. घेर तळाला टेकला की दोरीचा ताण नाहीसा होतो. तोवर ओढण्याची घाई केली तर मासे खालून निघून जातात. नंतर दोरी हळूहळू, थोडी थोडी हलवीत आवळावी, म्हणजे गोळ्या तळावरून एकमेकींकडे सरकतात. त्या जवळ आल्याचा भार हाताला कळतो. मग सलग, न थांबता ओढून घ्यावे.

पाण्याची खोली जाळ्याच्या लांबीपेक्षा अधिक असेल तर घेर तळाला पोचण्यापूर्वीच आत आवळू लागतो व मासे कमी मिळतात. दीड ते दोन मीटर पाणी हे या कामास सर्वांत अनुकूल.

आधी खळ्यावर, मग पाण्यावर

पहिल्या दिवशी पाण्यावर जाऊ नये. सारवलेले खळे किंवा झाडून घेतलेले अंगण या अभ्यासास उत्तम. कापणी झालेल्या रानात धसकटे जाळ्यास अडकतात. जमिनीवर राखेने ३ मीटर व्यासाचे वर्तुळ काढावे व त्यापासून तीन-चार पावलांवर उभे राहून जाळे त्यावर टाकावे. घेर राखेच्या रेषेजवळ पडला तर फेक साधली. कोणत्या बाजूस तो आत राहिला हे जमिनीवर स्पष्ट दिसते, पाण्यावर ते दिसत नाही. खळ्याचा खरा उपयोग हाच. रोज सायंकाळी वीस फेकी केल्या तर आठवड्यात बहुतेकांचा हात बसतो. जाळे थोडे भिजवून घेतल्यास प्रत्यक्ष वजनाची सवय होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी याचे प्रात्यक्षिक अवश्य घडवून आणावे. गोदावरी-प्रवरेच्या काठी भोई समाजातील मच्छीमार पिढ्यान् पिढ्या हे काम करीत आले आहेत. त्यांच्यापैकी एखाद्यास बोलावून एक सकाळ शेतकऱ्यांसमोर जाळे टाकावयास सांगितले तर या लेखाच्या दहा पानांइतके काम होईल. मात्र त्यास दिवसाची रीतसर मजुरी द्यावी. चहावर व कौतुकावर भागवू नये. विद्या ही त्याच्या उपजीविकेचे साधन आहे.

आणखी एक गोष्ट येथेच सांगणे इष्ट. मोठ्या जलाशयांतील व सार्वजनिक तलावांतील मासेमारीचा हक्क सामान्यतः मच्छीमार सहकारी संस्थांस ठेक्याने दिलेला असतो. शेततळ्यावर हात बसला म्हणून अशा तलावात परवानगीवाचून जाळे टाकू नये.

प्लॅस्टिकच्या तळ्यातील धोका

आता जो भाग सर्वांत महत्त्वाचा आहे तो सांगतो. मातीच्या गावतळ्यात मच्छीमार गुडघाभर पाण्यात उभा राहून जाळे टाकतो, व दोरीचा फास मनगटात अडकवितो. हीच रीत जशीच्या तशी कागदाच्या शेततळ्यावर नेणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण देणे होय. ओल्या प्लॅस्टिकवर शेवाळ धरते. एकास एक उताराच्या त्या भिंतीवर पाय ठरत नाही, हाताला धरावयास काही मिळत नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा काठाशी येऊन वर चढू शकत नाही, दमतो व बुडतो. त्याला काढावयास उतरलेला दुसराही त्याच वाटेने जातो. एकाच कुटुंबातील दोघे-तिघे गेल्याच्या वार्ता आपण सर्वांनी वाचलेल्या आहेत.

म्हणून पुढील गोष्टी पाळल्याखेरीज अशा तळ्यावर जाळे हाती घेऊ नये. जाळे टाकणारा बांधाच्या माथ्यावर, कोरड्या मातीवर उभा राहील. कागदाच्या उतारावर एक पाऊलही ठेवणार नाही. दोरीचे टोक त्याच्या मनगटास किंवा कंबरेस न बांधता मागे बांधाबाहेर ठोकलेल्या भक्कम खुंटीस बांधावे. तो दोरी केवळ हातात धरील. तोल जाऊ लागला तर हात उघडावा, जाळे जाऊ द्यावे. खुंटी त्याला सांभाळून ठेवील. कित्येकांना जाळ्याच्या किमतीचा मोह त्या क्षणी सुटत नाही, म्हणून ही गाठ आधीच मारून ठेवावी. मातीच्या तळ्यातही मनगटात फास अडकवावयाचाच असेल तर तो सरकणारा नसावा. बोटे सरळ करताच हातातून गळून पडेल इतका रुंद व पक्क्या गाठीचा असावा.

एकट्याने हे काम कधीही करू नये. दुसरा मनुष्य बांधावर हवा, आणि त्याच्याजवळ हवा भरलेली ट्रॅक्टरची ट्यूब व दोर हवा. तळ्याच्या चारही बाजूंस हातभर अंतरावर गाठी मारलेले जाड दोर खुंट्यांना बांधून पाण्यात कायमचे सोडून ठेवावेत. जाळे टाकावयाचे असो वा नसो, ते तेथे असलेच पाहिजेत. कोणी पडलाच तर बाहेरच्याने उडी न मारता ट्यूब फेकावी, दोर किंवा लांब बांबू पुढे करावा. जाळे टाकणार हे कळले की गावातील मुले हमखास गोळा होतात. त्यांना कुंपणाबाहेर बसवावे, व कुंपण नसेल तर त्या दिवशी जाळे टाकू नये. पंपाचा वीजपुरवठा आधी बंद करावा. जाळे केबलीत व नळीत गुंतते आणि ते सोडविण्यासाठी माणूस खाली वाकतो.

उताराचा हिशेबही मनात असावा. पाणी एक मीटर उतरले की पाण्याची कड बांधापासून आडव्या अंतराने एक मीटर दूर जाते. दोन मीटर उतरले की दोन मीटर. तेव्हा उन्हाळ्यात जाळे नुसते पाण्यापर्यंत पोचविण्यासाठीच मनुष्य पुढे वाकू लागतो, व पाय कागदावर येतो. पाणी दीड मीटरपेक्षा अधिक उतरल्यावर बांधावरून फेकण्याचा नाद सोडावा. त्यानंतरची पारख मच्छीमारांकडून ओढजाळ्याने करून घ्यावी, किंवा आधीच्या महिन्यांच्या नोंदीवरून हिशेब ठेवावा. तळे तुडुंब भरलेले असताना खोलीमुळे मासे कमी सापडतील, फेकी जास्त लागतील; तेवढा त्रास पत्करावा, पण मध्येच उतरून पाहू नये.

मासे धरणे, तोलणे व परत सोडणे

महिन्यातून एकदा ही पारख पुरते. सूर्य वर आल्यावर, साधारणतः आठ ते नऊच्या दरम्यान, जाळे टाकावे. भल्या पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो, व दुपारी उन्हाने मासे लवकर मरतात. ढगाळ दिवशी किंवा मासे तोंडे वर काढून धापा टाकीत असताना जाळ्याचा विचारही करू नये.

त्याआधी चार-पाच दिवस खाद्य ठरलेल्या एकाच ठिकाणी टाकीत जावे, म्हणजे मासे तेथे जमण्यास शिकतात. पारखेच्या दिवशी मूठभर खाद्य टाकून थोडा वेळ थांबावे व जाळे टाकावे. परंतु खाद्याच्या जागी मोठे व जोरकस मासे पुढे असतात, दुबळे मागे राहतात. सगळे मासे तेथूनच घेतले तर सरासरी खोटी मोठी दिसेल. म्हणून दोन फेकी तेथे, व दोन-तीन फेकी तळ्याच्या दुसऱ्या बाजूंस कराव्यात. मृगळ व सायप्रिनस तळाशी राहणारे; ते गोळ्यांखालून निसटण्यात हुशार असतात. ते कमी सापडले म्हणून मेले असे समजू नये.

सोडलेल्या माशांच्या शेकडा पाच, परंतु वीसपेक्षा कमी नाही, इतके मासे तोलावेत. काठावर तळ्याच्याच पाण्याने भरलेले टोपले किंवा टब आधीच सावलीत तयार ठेवावे. बादलीत थोडे पाणी घेऊन ताणकाट्यावर तिचे वजन करावे, मग त्यात मासे घालून पुन्हा करावे. दोहोंतील अंतर हे माशांचे वजन. कटला, रोहू व मृगळ यांचे वजन वेगळे घ्यावे, कारण एकाची वाढ खुंटली असेल तर एकत्र बेरजेत ती लपते. मासा कोरड्या हाताने धरू नये. त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर हे त्याचे कवच आहे. तो निघाला की बुरशी धरते. सोडताना बांधावरून फेकून न देता बादली दोरीने पाण्यात उतरवून तिरपी करावी.

तोलता तोलता मासा नीट पाहावा. डोके मोठे व अंग बारीक असेल तर तो उपाशी आहे. अंगावर चपट्या, चालणाऱ्या उवा दिसल्या, तांबडे डाग किंवा कापसासारखी बुरशी आढळली, तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाशी त्याच दिवशी संपर्क साधावा. वजन व्यवस्थित असूनही एखाद्या महिन्यात मुळीच वाढ दिसली नाही, तर खाद्य वाढविण्यापूर्वी पाणी पाहावे. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, मासे कमी खातात व वाढही मंदावते. अशा वेळी खाद्य कमी करणेच शहाणपणाचे.

नोंदवहीत तारीख, फेकींची संख्या, जातवार माशांची संख्या, वजन, सरासरी, व त्यावरून ठरविलेले रोजचे खाद्य एवढेच लिहावे. गावातील दोन-चार तळ्यांच्या नोंदी एकत्र ठेवल्या तर कार्यकर्त्यास कोणत्या तळ्यात काही बिघडले आहे ते ताबडतोब दिसते. सारखेच बीज, सारखाच काळ, पण एका तळ्यात १५० ग्रॅम व शेजारी ८० ग्रॅम, असे आढळल्यास त्या तळ्यावर जावे.

एकच जाळे चार शेतकरी मिळून घेत असतील तर ते स्वागतार्ह आहे, पण एका तळ्यातून काढलेले ओले जाळे दुसऱ्यात टाकू नये. उवा व रोग असेच पसरतात. काम झाल्यावर जाळे स्वच्छ पाण्याने धुऊन, काटक्या व शेवाळ काढून, सावलीत पूर्ण वाळवावे. नायलॉन उन्हात कमजोर होतो. वाळल्यावर शेंड्याला धरून उंच टांगावे, म्हणजे घेर गुंतत नाही व उंदीर कुरतडीत नाहीत. आणि फाटलेली आस पुढच्या महिन्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात विणून घ्यावी.